लांडगा नसलेला मुलूख

बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. ताडकळसच्या आसपासच्या खेड्यांतली माणसं पिशवीत कागद कोंबून येतात आणि मी कॉम्प्युटरसमोर बसून एकेकाचा अर्ज भरत जाते. कुणाला सातबारा हवा असतो, कुणाला पीकविमा भरायचा असतो, कुणाच्या आधार कार्डावर बापाचं नाव चुकलेलं असतं. गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधीच्या बाजारात बायनाबाई गडदे आल्या. गर्दी ओसरेपर्यंत दाराशी पोत्यावर बसून राहिल्या. मग टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "राजेश्री, पासपोट निघतो का गं तुझ्याकडं?"

"निघतो की मावशी. कुणाचा काढायचाय?"

"माहा."

त्यांच्या मागं त्यांची नात भक्ती उभी होती. परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीला आहे ती, शेवटच्या वर्षाला. ओठ दाबून हसत होती. मी विचारलं, "दुबई का?" आमच्या भागातून कुणी बाहेर गेलं तर तिकडंच.

"आइसलँड," भक्ती म्हणाली.

"नोकरीला?"

"न्हाई गं बाई," बायनाबाई म्हणाल्या, "हौस म्हणून चाललेय."

बायनाबाईंचं घर मेंढपाळाचं. नवरा येडबा, दोन मुलं, आणि सव्वाशेच्या आसपास काळी मेंढरं. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून त्या मेंढरांमागं चालतायत. सुगी झाली की कळप निघतो. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या रानात मेंढरं बसवायची, जमिनीला खत होतं, मालक ज्वारी देतो. पोखर्णीपासून गंगेच्या काठापर्यंत आणि तिथून पुढं पार तेलंगणाच्या हद्दीपर्यंत बायनाबाईंनी मुलूख पायांखाली घातलेला आहे. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.

आइसलँडचं खूळ डोक्यात शिरलं ते चुडाव्याच्या शिवारात. कळप तिथं बसलेला होता. भक्ती रविवारी रेल्वेनं चुडाव्याला उतरून मेंढरांच्या खुरांचं औषध द्यायला गेली. दुपारी भाकरी खाता खाता तिनं फोनवर आजीला एक व्हिडिओ दाखवला. हिरवा डोंगर, त्यावर झाड नाही, झुडूप नाही. वरून धुकं उतरत होतं आणि धुक्यातून मेंढरं उतरत होती. पांढरी, काळी, बदामी, करडी. अंगावर लोकर एवढी की पाय दिसत नव्हते. हजारो मेंढरं दूध उतू जावं तशी त्या उतारावरनं येत होती.

बायनाबाईंनी व्हिडिओ चार वेळा पाहिला. मग विचारलं, "राखणारा कुठंय?"

"राखणारा नसतो आजी. उन्हाळाभर डोंगरावर मोकळी सोडतेत. सप्टेंबरात सगळा गाव जातो आन् खाली घेऊन येतो."

"आन् लांडगं?"

"त्या देशात लांडगाच न्हाई. कधीच नव्हता. एक छोटा कोल्हा असतो, तेवढाच."

"कोल्ह्याचं काय न्हाई," बायनाबाई म्हणाल्या आणि हातातला घास त्यांनी तसाच ताटात ठेवला.

लांडगा नाही, हे त्यांना उमगायला वेळ लागला. चाळीस वर्षं त्या एक कान उघडा ठेवून झोपल्यात. पहिल्या बाळंतपणानंतर महिनाभरात गंगेच्या काठी लांडग्यांनी त्यांची अकरा कोकरं नेली होती. तेव्हापासून मेंढरू खोकललं तरी त्यांना जाग येते.

"तिथं जूनमधी तर रात्रच पडत न्हाई," भक्तीनं आणखी सांगितलं. "सूर्य बुडाल्यासारखं करतो आन् परत वर येतो."

"बघ म्हंजी," बायनाबाई गंभीरपणे म्हणाल्या, "आस्ता जरी लांडगा तरी दिसला आस्ता."

त्या आठवड्यात त्यांनी तीनदा म्हटलं, मला ते बघायचंय. भक्तीनं दोनदा थट्टेवारी नेलं. तिसऱ्यांदा तिनं आजीच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि परभणीला जाऊन नकाशा छापून आणला.

पैशांची गोष्ट एकदाच सांगते. बायनाबाईंच्या वडिलांनी त्यांच्या नावावर केलेला जमिनीचा तुकडा नव्या रस्त्यात गेला. मोबदला आला त्यातून पोरांची घरं झाली. उरलं ते बायनाबाईंनी स्वतःच्या खात्यात ठेवलं. "हे माह्या बापाचं हाय," एवढंच म्हणाल्या. पुढं कुणी बोललं नाही.

येडबामामा मात्र बोलले. रागावून नाही, त्यांना खरंच कळेना. "आपुन काय कमी फिरलाव का?" ते म्हणाले. "तुझ्याएवढं ताडकळसात कुणीच चाललं नसंल."

"फिरलाव की. मेंढरं नेतील तिकडं फिरलाव. चारा असंल तिकडं, पानी असंल तिकडं. मला वाटलं म्हणून कुठं गेलाव, सांगा बरं?"

मामांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग उठून मेंढरांकडं गेले.

पासपोर्टचा अर्ज मी भरला. जन्मतारखेच्या रकान्यात आधार कार्डाप्रमाणे एक जानेवारी टाकली. बायनाबाई म्हणाल्या, "मी पोळ्याच्या दुसऱ्या दिशी झाले, माय सांगायची." मी म्हटलं, सरकारच्या हिशोबानं निम्मं ताडकळस एक जानेवारीलाच जन्मलंय. त्यांना ते आवडलं. सगळ्यांचा एकच दिवस म्हणजे जत्रेसारखंच की, म्हणाल्या.

मग चौकशीला पोलीस आला. मोटारसायकलवरून गणवेशातला माणूस गडद्यांच्या घराशी उतरल्याबरोबर गल्लीतल्या बायका दारात आल्या. बायनाबाई रानातून निरोपावर आल्या, पदरानं तोंड पुसून समोर बसल्या. त्यानं कागद काढला.

"आजी, कशासाठी जाताय परदेशात?"

"बसायला."

"बसायला?"

"हां. बांधावर बसून दुसऱ्याची मेंढरं बघायची."

पोलीस तरुण होता, त्याचंही गाव इकडंच कुठंतरी. त्यानं 'पर्यटन' असं लिहिलं आणि चहा घेता घेता विचारलं, "तिथं ऊन कसंय आजी?" मग अर्धा तास त्या दोघांनी कधी न पाहिलेल्या देशाबद्दल गप्पा मारल्या.

त्या उन्हाळ्यात मी दोन-तीनदा त्यांच्या कळपावर गेले. सह्या, फोटो असं काही ना काही लागतच होतं. दुपारच्या उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून गोलात उभी राहतात. दुरून बघावं तर काळ्या दगडांचा ढीग पडल्यासारखं दिसतं. बाजूला बाभळीच्या विरळ सावलीत बायनाबाई डोळे मिटून पडलेल्या असायच्या. मला वाटायचं झोपल्यात. पण मी बसले की डोळे न उघडताच बोलायला लागायच्या.

"तिथं जमिनीतून वाफ निघती म्हणं. भाताच्या पातेल्यासारखी."

"हो मावशी."

"दगडावर गादीसारखं शेवाळ आस्तं. पाय दिला की आत जातो आन् काढला की हळूहळू परत वर येतं. माणूस गेल्याचं कुणाला कळत बी नसंल." थोडं थांबून म्हणायच्या, "झाडं न्हाईत. सावली कशाची पडत आसंल गं तिथं?"

"ढगाची पडत असेल."

"ढगाची," त्या म्हणायच्या, आणि बाभळीखालच्या फुफाट्यात पडल्या पडल्या त्यांच्या चेहऱ्यावरून खरंच काहीतरी गार सरकून गेल्यासारखं वाटायचं. परभणीचं ऊन चव्वेचाळीसच्या वर गेलेलं. माझ्या ओढणीचं टोक घामानं भिजलेलं. तरी त्यांच्याशेजारी बसलं की मलाही लांबून कुठून तरी पाणी पडल्याचा आवाज यायचा.

मुक्कामाची आखणी झाली तीही तिथंच. भक्तीनं आठ दिवसांत सगळ्या बेटाला फेरी मारायचं ठरवलं होतं. बेटाभोवती एक रस्ता आहे, रोज गाडीनं पुढं पुढं जायचं. तिनं नकाशा मातीवर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. बायनाबाई कळपाची वाट ठरवताना बघतात तसं बघायला लागल्या. पाणी कुठं, चढ कुठं, वस्ती कुठं. मग विचारलं, "हितून हितं एका दिसात?"

"हो. अडीचशे किलोमीटर."

"लय झालं."

"आजी, गाडीनं जायचंय. चालायचं न्हाई."

"गाडीनं गेलं तरी बघायचं डोळ्यांनीच हाय का न्हाई? डोळे कुठं पळतेत गाडीसंगं?"

भक्ती चिडली. धबधबे राहतील, बर्फाच्या नद्या राहतील, काळ्या वाळूचा समुद्र राहील, एवढ्या लांब जाऊन काहीच न बघता यायचं का? बायनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उत्तरेकडच्या एका खोऱ्यावर बोट ठेवलं. व्हिडिओतला डोंगर त्याच बाजूचा होता. "हितं ऱ्हायचं. पाच दिस. बाकीचं येताजाता दिसंल तेवढं दिसंल."

आणि तसंच ठरलं. त्या खोऱ्यात एक शेतकरीण घरातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायची. भक्तीनं तिला इंग्रजीत पत्र पाठवलं, की माझी आजी मेंढपाळ आहे, सप्टेंबरात मेंढरं उतरतात तेव्हा यायचं म्हणतेय. तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. या म्हणाली, तुमच्या आजीला काय काय दाखवू ते कळवा. भक्तीनं ते वाचून दाखवल्यावर बायनाबाई म्हणाल्या, "लिही, काई दाखवू नका. बसायला जागा द्या."

थंडीची सवय करायची कल्पना सिद्धोधनची. हा भक्तीचा शाळेतला वर्गमित्र, परभणीत फळांच्या शीतगृहात कामाला होता. मे महिन्यातल्या एका दुपारी त्यानं मालकाची परवानगी घेऊन बायनाबाईंना बोलावलं. मीही गेले, म्हटलं बघू तरी. बाहेर डांबर मऊ झालेलं, आणि बायनाबाई अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर, पायांत बाजारातून आणलेले पोरांचे बूट घालून उभ्या. फाटकावरचा राखणदार त्यांच्याकडं बघतच राहिला.

सिद्धोधननं जाड दार ओढलं. आत चार अंश. संत्र्यांच्या क्रेट छतापर्यंत रचलेल्या, मध्ये अरुंद वाट, पिवळा दिवा, आणि दारातून शिरलेल्या गरम हवेची झालेली वाफ. बायनाबाई एका उपड्या क्रेटवर बसल्या. मी पाच मिनिटांत बाहेर आले. त्या अर्धा तास बसल्या. मध्ये सिद्धोधन दोनदा दार उघडून विचारून आला, "आजी, बरं हाय का?"

"दार लाव बाबा," आतून आवाज यायचा. "धुकं बाहेर जायलंय."

बाहेर आल्यावर त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. घोंगडीला संत्र्याचा वास लागला होता. "नाकाला तेवढं काईतरी पायजे," म्हणाल्या. "बाकी जमतंय."

जुलैत व्हिसासाठी पुण्याला जायचं होतं, बोटांचे ठसे द्यायला. लोकर कातून कातून बायनाबाईंच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. आधारच्या वेळीही मशीन ओरडलं होतं. म्हणून मी त्यांना पंधरा दिवस कातणं बंद करायला लावलं आणि सकाळ-संध्याकाळ खोबरेल चोळायला सांगितलं. हातांना काम नाही म्हणून त्या बेजार झाल्या. पण ठसे आले. पुण्याच्या त्या बाईनं मशीनकडं बघून मान हलवली तेव्हा बायनाबाईंनी आपली दहाही बोटं उलटसुलट करून पाहिली, म्हणे नवी लावून दिल्यासारखी वाटली.

आणि मग ऑगस्टमध्ये वकिलातीचं पत्र आलं. अर्ज नाकारला नव्हता. आणखी खुलासा मागितला होता. अर्जदार महिलेला नोकरी नाही, उत्पन्नाचा नियमित पुरावा नाही, तरी ती प्रवास संपल्यावर मायदेशी परत येईल हे कशावरून समजायचं, ते लेखी कळवा.

मी ते मराठीत करून सांगितलं तेव्हा बाजाराचा दिवस नव्हता. दुकानात आम्ही चौघंच होतो. बायनाबाई, भक्ती, मी आणि पहिल्यांदाच सोबत आलेले येडबामामा. ते दाराशी उकिडवे बसले होते.

बायनाबाईंना आधी हसू आलं. "म्हंजी त्यायला वाटतंय मी तिथंच ऱ्हाईन?" मग त्यांनी शेवटची ओळ मला परत वाचायला लावली. त्यांना कधी कुणी असं विचारलंच नव्हतं, की तू परत का येशील. मी कीबोर्डवर हात ठेवून वाट बघत होते. भक्तीला वाटलं घराचा उतारा जोडावा, बँकेचा कागद जोडावा. ते सगळं आम्ही जोडलंच. पण पत्र बायनाबाईंनी सांगितलं आणि मी त्यांच्या शब्दांत उतरवून घेतलं.

"लिही. माहं नाव बायनाबाई. मला सव्वाशे मेंढरं हायत. त्यातल्या एकोणतीस गाभण हायत, त्या दिवाळीच्या आधी विणतील. त्यातली एक काणी हाय, तिला एका डोळ्यानं दिसत न्हाई. ती माह्याबिगर दुसऱ्याला जवळ येऊ देत न्हाई. तिचं पयलं कोकरू आडवं आलं होतं, मी हात घालून काढलं. ह्या खेपीला बी तसंच झालं तर मी पायजे." थोडा श्वास घेतला. "तुमचा मुलूख लय चांगला हाय. म्हणूनच बघायला येतेय. पर मला तिथली वाट म्हाईत न्हाई, कुठं काय उगवतं म्हाईत न्हाई. इथं मला गंगेपतुर सगळे बांध म्हाईत हायत. आन् माहा नवरा हाय येडबा. त्याला मेंढराचं सगळं येतं, पर च्या करता येत न्हाई. साखर आधी टाकावी का पत्ती, हे चाळीस वर्सांत त्याला समजलं न्हाई."

भक्ती हसली, मीही हसले. येडबामामा हसले नाहीत. ते उठून टेबलापाशी आले. आठ महिने ते ह्या प्रवासाबद्दल हो म्हणाले नव्हते की नाही म्हणाले नव्हते.

"माहं एक लिही पोरी," ते मला म्हणाले. "लिही की, मी वाट बघनार हाय."

"एवढंच मामा?"

"एवढंच. माहं नाव घाल."

मी नाव घातलं. कागद छापून निघाला तसा त्यांनी शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि नावाखाली इतका जोरात दाबला की टेबल हललं. बायनाबाई दुसरीकडं बघत होत्या, रस्त्यावरून जाणाऱ्या बसकडं. भक्तीनं ते सगळं पत्र इंग्रजीत केलं, चहासकट. मी म्हटलं चहाचं गाळ. ती म्हणाली, न्हाई, राहू दे.

बाराव्या दिवशी व्हिसा आला.

सप्टेंबरात आजी आणि नात गेल्या. पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आणि नाकाला बांधायला भक्तीनं विणलेला लोकरीचा पट्टा. निघताना सगळी गल्ली जमली होती. येडबामामा कळप सोडून आले नाहीत. तसं ठरलेलंच होतं.

तिथलं मला पुष्कळसं भक्तीकडून कळलं. बायनाबाई फार सांगत नाहीत. त्या खोऱ्यात पहिले दोन दिवस पाऊस आणि धुकं, काहीच दिसलं नाही, आणि बायनाबाई घरामागच्या दगडी बांधावर धुक्याकडं बघत बसून राहिल्या. घरमालकीण त्यांच्याच वयाची. तीही मधूनमधून येऊन शेजारी बसायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं आणि डोंगरावरनं मेंढरं उतरायला लागली. गोल कुंपणात ती कोंडली, आणि गावातले लहानथोर कानावरच्या खुणा बघून आपापलं जनावर ओढून न्यायला लागले. आमच्याकडंही ओळखीसाठी प्रत्येक कळपाच्या मेंढरांच्या कानाला वेगळी कात्री मारतात. बायनाबाई उठल्या, एका मेंढीचा कान त्यांनी दोन बोटांत धरून उलटा केला, आणि त्या शेतकरणीकडं बघून मान डोलावली. तिनंही डोलावली. भक्ती म्हणते, तेवढंच बोलणं झालं, आणि त्यानंतर दिवसभर त्या दोघी सोबत होत्या.

परत आल्यावर दुसऱ्या बाजारी बायनाबाई दुकानात आल्या. मी विचारलं, "मग मावशी, कसं वाटलं?"

"बाई, पयल्यांदा मेंढरं बघितली आन् मोजली न्हाईत," म्हणाल्या. "लय बरं वाटलं. पाच दिस नुसती बघितली."

भक्तीनं फोनमधला एक फोटो मला पाठवला होता, तो मी छापून काढला. हिरव्या उताराच्या कडेला दगडांचा बांध, त्यावर घोंगडी पांघरून, पाय सोडून बसलेली लुगड्यातली एक बाई, पाठमोरी. समोर खोरं, त्यात ढगांच्या सावल्या. कागद अजून गरम होता. बायनाबाईंनी तो दोन्ही हातांनी धरून डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"कोन हाय गं ही?" त्या म्हणाल्या. "किती निवांत बसलीय."